डोक्यावरचं रानडुक्कर

गेले कित्येक दिवस हे लिहायचं लिहायचं म्हणते आहे, पण राहूनच जात होतं. काही गोष्टी अशा असतात की त्या सांगायच्या तर आधी स्वतःची एक चूक सांगावी लागते. मग माणूस आज-उद्या करत राहतो. तर आज सांगूनच टाकते.

2018 च्या जूनमध्ये मी धाकटीकडे इंग्लंडला गेले होते. ती केंब्रिजजवळ राहते. एका शनिवारी ती मला लंडनला ब्रिटिश म्युझियम दाखवायला घेऊन गेली. आत जायला तिकीट नाही हे ऐकून माझ्यातल्या मास्तरणीला फार बरं वाटलं. बीएला माझा विषय इतिहास होता. मराठी माध्यमातून शिकलेला. इंग्लंडचा इतिहास मी परीक्षेपुरता पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर इमानेइतबारे विसरले होते. त्यामुळे ‘अँग्लो-सॅक्सन’ हा शब्द ओळखीचा वाटला तरी त्यामागे माणसं होती, हे काही डोक्यात नव्हतं.

41 नंबरच्या दालनात बरीच गर्दी होती. सगळे एकाच कपाटाभोवती उभे. आत सटन हू इथलं प्रसिद्ध शिरस्त्राण. 1939 साली एका टेकाडाखाली अख्खं जहाज पुरलेलं सापडलं, त्यात हे होतं. सापडलं तेव्हा त्याचे शेकडो तुकडे झालेले होते. ते जुळवायला दोनदा प्रयत्न करावे लागले. आज जे दिसतं ते 1970-71 च्या जुळवणीचं. नुसता टोप नाही, पुढे अख्खा चेहरा आहे. नाक, मिशा, भुवया. लेक म्हणाली, “आई, भुवयांची टोकं बघ.” बघितलं, तर प्रत्येक भुवयीच्या बाहेरच्या टोकाला रानडुकराचं इवलंसं मुंडकं!

माझी उंची बेताची. गर्दीत टाचा उंचावून पाय दुखायला लागले, म्हणून मी बाजूच्या कपाटांकडे वळले. तिथे ते दिसलं. तांब्याच्या मिश्रधातूचं, ओतीव, तळहातावर सहज मावेल एवढं रानडुक्कर. फार नक्षीकाम वगैरे काही नाही. डोळे, नाकपुड्या, सुळे नुसते सुचवल्यासारखे. ठसठशीत आहे ती एकच गोष्ट, पाठीवरची उभी राहिलेली आयाळ. पायांची रचना अशी केलेली की ते कशावर तरी घट्ट बसवता यावं. अभ्यासकांचं म्हणणं असं की ते बहुधा एखाद्या योद्ध्याच्या शिरस्त्राणावर, अगदी माथ्यावर बसवलेलं असणार. सहाव्या-सातव्या शतकातलं.

“आपला वराह अवतार!” लेक म्हणाली.

मी म्हटलं, “नाही गं, उगीच ओढून आणू नकोस. आपल्या वराहाने पृथ्वी वर काढली. हे डुक्कर लढाईचं आहे.” आणि मग नको ते बोलून गेले. “बघ ना, एवढे शूर लोक, आणि लढाईला जाताना भरवसा कुणाचा, तर डुकराचा! अडाणीपणाच की नाही?”

लेक क्षणभर गप्प राहिली. मग हसून म्हणाली, “आई, 2006 मध्ये मी पहिल्यांदा निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये गणपतीपुढची सुपारी कुणी ठेवली होती?”

मी काय बोलणार? ती सुपारी मीच ठेवली होती. तेही तिच्या नकळत. आयुष्यभर वर्गात वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवणाऱ्या बाईने. तिने हे इतक्या वर्षांत एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. आणि त्या क्षणी मला सुपारी नाही, एक काळा दोरा आठवला. पण ते पुढे.

त्या डुकराने काही माझा पिच्छा सोडला नाही. घरी गेल्यावर लेकीने मला इंटरनेटवर माहिती काढून दिली, लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. माझं इंग्रजी संथ. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत होते. जावईबापू म्हणाले, “आई, पीएच. डी. करताय की काय!”

जे कळलं ते थोडक्यात सांगते.

हे डुक्कर गिल्डन मॉर्डन नावाच्या खेड्यात सापडलं. 1864 किंवा 1865 साली. हे गाव केंब्रिजशरमध्येच आहे, लेकीच्या घरापासून गाडीने तासाभराच्या आत. एका थडग्यात एक सांगाडा होता, त्याच्याजवळ हे डुक्कर होतं, शिवाय काही वस्तू होत्या आणि नक्षी कोरलेला एक छोटासा मातीचा मणी होता. ज्यांना ते सापडलं त्यांचे चिरंजीव हर्बर्ट जॉर्ज फोर्डम यांनी ते 1904 साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकलं. त्या थडग्यातलं आज उरलंय ते एवढंच. सांगाडा गेला, मणीही गेला.

मला त्या मण्याचंच वाईट वाटत राहिलं. मणी म्हटला की मला आधी बाईचा गळा आठवतो, आणि त्या काळातल्या बायकांच्या थडग्यांत मणी सापडतातही पुष्कळ. पण पुरुषांच्या तलवारीलाही एखादा मोठा मणी बांधलेला असे, आणि तोही रक्षणासाठी असावा असं मानतात. म्हणजे तोही ताईतच की एका परीने.

आता डुक्करच का? हा प्रश्न शहरातल्या माणसाला पडेल. मला पडला नाही. माझं माहेर डोंगराच्या पायथ्याचं. भुईमूग काढणीला आला की रानडुकरं उतरायची. वडील रात्री माळ्यावर राखणीला जायचे. ते सांगायचे, वाघ माणसाला बघून वाट बदलेल, पण बिथरलेलं डुक्कर नाकासमोर सरळ येतं, मागे वळत नाही. चिडलं की त्याची पाठीवरची आयाळ ताठ उभी राहते. म्हणजे गिल्डन मॉर्डनच्या त्या ओतकाम करणाऱ्याने डोळे-नाक फारसं कोरलं नाही आणि आयाळ मात्र ठसठशीत काढली, त्याने हे जनावर जवळून बघितलं होतं. त्या काळी इंग्लंडच्या रानात ती होतीच. पुढे मध्ययुगात शिकार होऊन होऊन संपली. जुन्या इंग्रजीत रानडुकराला ‘एओफोर’ म्हणत. यॉर्क शहराचं रोमन नाव एबोराकम. ते या लोकांच्या तोंडी बसेना, तर त्यांनी त्याचं ‘एओफोरविक’ करून टाकलं. म्हणजे जवळपास ‘डुकरांची वस्ती’! आपल्याकडे परकी नावं तोंडात घोळवून घरची करून टाकतात, तसंच.

अँग्लो-सॅक्सनांची शिरस्त्राणं इंग्लंडमध्ये आजवर सापडली आहेत ती जेमतेम सहा. लोखंड गंजून जातं, आणि मुळात ती असणार फक्त मोठ्या लोकांकडे. त्यातल्या दोघांच्या माथ्यावर आख्खं डुक्कर आहे. एक 1997 साली नॉर्थॅम्प्टनशरमध्ये वुलस्टनजवळ मिळालं. त्याच्यावरचं डुक्कर लोखंडाचं, अगदी साधं. ते लीड्सच्या रॉयल आर्मरीज या संग्रहालयात आहे. दुसरं त्याच्या कितीतरी आधी, 1848 च्या मे महिन्यात डर्बीशरमध्ये बेन्टी ग्रेंज इथे थॉमस बेटमन यांनी एक टेकाड उकरलं तेव्हा मिळालं. ते आता शेफील्डच्या संग्रहालयात आहे.

हे बेन्टी ग्रेंजचं शिरस्त्राण मी फक्त फोटोत बघितलं. पण माझं मन अडकलं ते तिथेच. लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा आणि मधल्या जागा शिंगांच्या चकत्यांनी झाकलेल्या. शिंग जमिनीत कुजून गेलं, पट्ट्या राहिल्या. माथ्यावर डुक्कर, त्याचे डोळे लालबुंद गार्नेट खड्यांचे, भोवती सोन्याचं कोंदण. आणि समोर नाकावर येणारी जी पट्टी असते, तिच्यावर चांदीचा क्रूस!

म्हणजे बघा. 597 साली रोमहून ऑगस्टीन नावाचा धर्मोपदेशक इंग्लंडच्या केंट भागात उतरला आणि तिथून हळूहळू हे लोक ख्रिस्ती व्हायला लागले. हे शिरस्त्राण सातव्या शतकातलं. नवा धर्म आलेला आहे, जुना पुरता गेलेला नाही. डुक्कर हे त्यांच्या जुन्या देवांच्या गोतातलं. शेजारच्या नॉर्स कथांमध्ये फ्रेयर देवाचं सोनेरी आयाळीचं डुक्कर आहे. मग या सरदाराने काय केलं? नाकावर क्रूस लावला आणि डोक्यावर डुक्कर राहू दिलं. कुणी याला गोंधळ म्हणेल. कुणी म्हणेल धोरण. मी आधी दोन्ही म्हणून बघितलं. मग वाटलं, हे शिरस्त्राण बनवून घेताना त्याच्या घरात कुणीतरी म्हातारं माणूस असेल. “लाव बाबा तुझा तो नवा क्रूस, पण हेही असू दे,” असं म्हणणारं. हे अर्थात कुठल्या पुस्तकात नाही. माझ्या मनाचं आहे.

‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं महाकाव्य. तीन हजारांहून जास्त ओळी आणि हस्तलिखित जगात एकच. तेही 1731 च्या आगीत कडांनी होरपळलेलं. मी त्याचा आजच्या इंग्रजीतला अनुवाद वाचला. वाचला म्हणजे ठेचकाळत पार केला. त्यात ही डुकरं पुन्हा पुन्हा येतात. एके ठिकाणी योद्धे चालत असतात आणि त्यांच्या शिरस्त्राणांवरची डुकरं त्यांच्या जिवाची राखण करत असतात. एके ठिकाणी कवी सांगतो, की कारागिराने शिरस्त्राण असं घडवलं होतं आणि त्यावर डुकरं अशी बसवली होती, की कुठलीही तलवार ते भेदू शकणार नाही. पण त्याच काव्यात दुसरीकडे तलवार शिरस्त्राणावरच्या डुकरालाच कापून काढते, असंही येतं. म्हणजे कवी भाबडा नव्हता. डुक्कर राखण करतं हेही त्याला माहीत होतं, आणि कधीकधी करत नाही हेही.

आणि एक प्रसंग असा आहे, की तो वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. हिल्डेबुर्ह नावाची एक राजकन्या. माहेर आणि सासर यांच्यात लढाई होते. एका बाजूने तिचा भाऊ मरतो, दुसऱ्या बाजूने तिचा मुलगा. चिता रचली जाते. तिच्यावर रक्ताने माखलेली चिलखतं आणि शिरस्त्राणांवरची सोनेरी डुकरं दिसत असतात. ती आई सांगते, माझ्या मुलाला माझ्या भावाच्या शेजारी ठेवा. दोघांच्याही डोक्यावर डुक्कर होतंच असणार. दोघांच्याही घरच्यांनी ते हौसेने, काळजीने बसवून घेतलं असणार.

त्या रात्री मला झोप आली नाही. आता तो काळा दोरा सांगते.

1987 साल. मी तेव्हा सातवीला शिकवत होते. स्कॉलरशिपची परीक्षा महिन्यावर आली होती. त्या काळी मला फार उत्साह. अंधश्रद्धा म्हणजे काय यावर मी एक तासच घेतला होता. मांजर आडवं जाणं, लिंबू-मिरची, ग्रहण, सगळ्याची चिरफाड केली. मुलं हसत होती. पहिल्या बाकावर एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. वर्गातला सगळ्यात हुशार. आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची, वडील नव्हते. त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पत्र्याचा ताईत होता. मी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं. म्हटलं, “तू अभ्यासाने पास होणार की या पत्र्याच्या तुकड्याने?” तो म्हणाला, “अभ्यासाने, बाई.” “मग काढ तो.”

गाठ पक्की होती. त्याला सुटेना. मी टेबलाच्या खणातून कात्री काढली आणि दोरा कापला. ताईत खणात टाकला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला आवडल्या, हेही लिहिलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना त्याची आई आली. शेतातून तशीच आली होती, पायाला चिखल. मला वाटलं भांडायला आली असेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. ती दाराबाहेरच उभी राहिली. म्हणाली, “बाई, तुमी केलं ते बराबर असंल. पर टाकू नगा तेवढं. तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या.” मी म्हटलं, “राहील.” ती गेली.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळेला रंग देऊन झाला होता, टेबलं हलली होती, खण रिकामे केलेले होते. ताईत नव्हता. मी शोधला, शिपायाला विचारलं. नव्हता. त्या बाईने मला पुन्हा कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रस्त्यात दिसली की ती हसायची आणि मी घाईत असल्यासारखी पुढे जायची. पुढे माझी बदली झाली आणि तो विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला.

आता तुम्ही म्हणाल, ताईत म्हणजे शेवटी पत्र्याचा तुकडाच ना? हो. माझं आजही तेच मत आहे. ताईताने कुणी पास होत नाही आणि डुकराने तलवार अडत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन 98 च्या सुमारास जर्मन टोळ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात बाल्टिक समुद्राकाठच्या लोकांबद्दल सांगितलंय की ते देवांच्या मातेची पूजा करतात, अंगावर डुकराची चिन्हं वागवतात आणि शस्त्रांच्या ऐवजी त्यावरच विसंबतात. हे खरं असेल तर त्याला मी आजही अंधश्रद्धाच म्हणेन.

पण गिल्डन मॉर्डन किंवा बेन्टी ग्रेंजच्या माणसाची गोष्ट तशी नाही. त्याने नुसतं डुक्कर डोक्याला बांधलं नव्हतं. आधी लोखंडाच्या पट्ट्या ठोकून घेतल्या, त्या एकमेकींना जोडून घेतल्या, शिंगांच्या चकत्या बसवून घेतल्या, नाकासाठी पट्टी केली. माणसाच्या हातून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं सगळं केलं. आणि तरीही मुलगा परत येईल की नाही याची खात्री नाही म्हणताना, जे उरलं त्या जागेवर डुक्कर बसवलं. तो पोरगाही अभ्यास करतच होता. रात्री अकरापर्यंत कंदील लावून करायचा. त्याची आई त्याला अभ्यासाऐवजी ताईत देत नव्हती. दिवसभर खुरपून जेवढं जमेल तेवढं देत होती, वह्या, पुस्तकं, फी. आणि त्याच्यावर ताईत. ही एवढी साधी गोष्ट मला कळायला एकतीस वर्षं आणि लंडनपर्यंतचा प्रवास लागला.

शिवाय गंमत बघा. गिल्डन मॉर्डनच्या त्या माणसाचं शिरस्त्राण आज नाही. ज्याने कदाचित खरोखर एखादा घाव अडवला असेल ते लोखंड नाही. सांगाडा नाही. ज्याचा काही उपयोग नव्हता ते डुक्कर तेवढं शिल्लक आहे.

निघायच्या आधीच्या रविवारी लेकीने मला गिल्डन मॉर्डनला नेलं. बघण्यासारखं काही नाही. शेतं, घरं, एक जुनं चर्च. गव्हाची शेतं अजून पुरती पिवळी झाली नव्हती. मी रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभी राहिले. लेकीने विचारलं, “काय बघतेस?” मी तिला तेव्हा ताईताची गोष्ट सांगितली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी. ती म्हणाली, “मग परत गेल्यावर जा ना त्यांच्याकडे.”

गेले. लगेच नाही. धीर गोळा करायला वर्षभर लागलं. 2019 च्या दिवाळीनंतर एसटीने त्या गावी गेले. तो मुलगा आता पन्नाशीकडे झुकलाय. नाक्यावर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, हाताखाली चार माणसं. स्कॉलरशिप मिळाली होती त्याला, पुढे आयटीआय केलं. मला बघून हात पुसत धावत आला, वाकून नमस्कार केला. चहा सांगितला. आईचं विचारलं, तर 2011 मध्येच गेली म्हणाला.

मी आधीच उशीर केला होता. तरी आता आलेच आहे तर सांगावं म्हणून सगळं सांगितलं. कात्री, खण, रंगकाम, सगळं. “तुझ्या आईने सांभाळायला दिला होता रे, आणि मी हरवला. तिला कधी सांगितलंसुद्धा नाही.” माझा आवाज जरा कापलाच.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला हसू फुटलं.

“बाई, अहो ते एवढं मनाला लावून घेतलंत? आईनं दुसऱ्या दिवशीच दुसरा ताईत आणून बांधला होता की. कमरेला. शर्टाच्या आत, तुम्हाला दिसू नये म्हणून. म्हणाली, बाईंचं बी बरोबर हाय, त्या तुझ्या भल्याचंच सांगत्यात. त्यांना कशाला दुखवायचं? शाळेत त्यांचं ऐकायचं, आन् हे आपलं माझ्यासाठी असू दे.”

मी चहाचा कप खाली ठेवला. ती बाई दारात उभी राहून “तुमी केलं ते बराबर असंल” म्हणाली होती, तेव्हा मी तिला बिचारी समजले होते. अडाणी समजले होते. आणि तिने मात्र एका झटक्यात माझाही मान राखला, पोराचीही काळजी घेतली आणि स्वतःचंही समाधान करून घेतलं. क्रूसही राहिला, डुक्करही राहिलं.

“मग आता?” मी विचारलं. “आता आहे का कमरेला?”

“नाही हो बाई,” तो म्हणाला. “आई गेल्यावर कोण बांधणार?”

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. बाहेर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. त्यातला एखादा त्याच्याच हातून दुरुस्त झालेला असेल, असं मनात येत होतं.

असो. फार लांबलं. माझ्या मतांत बदल झालाय असं कृपया समजू नका. आमच्या वन्सं हे वाचून लगेच फोन करतील, “आता तरी शनिवार धर!” म्हणून, तर त्यांना आत्ताच सांगते, धरणार नाही. मुलांनी विज्ञान शिकावं, डॉक्टरकडे जावं, दुचाकीवर बसताना हेल्मेट घालावं. फक्त आता कुणाच्या गळ्यात, मनगटावर काळा दोरा दिसला, तर माझा हात कात्रीकडे जात नाही. तो कुणी बांधलाय, हा विचार आधी येतो.

तुमच्याही घरात कुणीतरी तुमच्या नकळत काहीतरी बॅगेत ठेवलं असेल. सापडलं होतं का? मग काय केलंत? जरूर लिहा. मी वाट बघते.